चाळीस मिनिटांचा भाग

शिवणकाम करणाऱ्या बाई कानाच्या दवाखान्यात नवं श्रवणयंत्र लावून बसल्या होत्या. आज सगळंच कसं खणखणीत ऐकू येत होतं, मागच्या बाकावरचे म्हातारे मास्तर आणि त्यांच्या शेजारचा ड्रायव्हरसुद्धा.

"ती परग्रहांची मालिका बघता का हो, मास्तर?"

"बघतो. पण शुद्ध थापा!"

"अवकाशात स्फोटाचा आवाज येतो, तेच ना? माझी मुलगीही तेच म्हणते."

"स्फोट एक वेळ चालेल. पण चौदा ग्रहांचे लोक एका टेबलाशी बसतात. कुणाला तीन तोंडं, कुणाला कानच नाहीत. आणि एकही जण 'काय म्हणालात?' असं विचारत नाही!"

"अहो, कल्पनाच ती."

"मग धड करा की कल्पना! आमच्या घरी माणसं दोन, भाषा एक. तरी ही दर वाक्याला विचारायची. मी मालिका थांबवायचो, तेच वाक्य ओरडून सांगायचो, मग पुढे. चाळीस मिनिटांचा भाग दोन तास चालायचा. असा वैतागायचो!"

"मग वहिनींना यंत्र घेऊन द्यायचं होतंत की."

"घेतलं ना. डबीतून कधी काढलंच नाही. म्हणायची, तुम्ही आहात की. तेच द्यायला आलोय आज. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

ड्रायव्हरने मास्तरांच्या हातातल्या डबीकडे पाहिलं.

"आता भाग चाळीस मिनिटांतच संपतो," मास्तर हळूच म्हणाले.

बाईंना शब्द न् शब्द ऐकू आला होता. तरी त्या मागे वळल्या आणि कानाशी हात नेला.

"काय म्हणालात?"