बेकरीवालीचा दुसरा ग्लास

रविवारी सकाळी अकराला पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या टेबलावर दोघी मायलेकी होत्या, बोलण्यावरून बेकरीवाल्या. आईचा बिअरचा दुसरा ग्लास चालू होता.

"अगं, हा खाऊन बघ. याला म्हणतात पाव!"

"आई, हळू बोल."

"का म्हणून? तीस वर्षं भट्टीपुढे काढलीत मी. वरून कुरकुरीत, आतून नुसता कापूस. शीक जरा! तुझा पाव म्हणजे वीट. कुणाच्या डोक्यात घातला तर पोलीस येतील."

"आई!"

"थांब, त्या वेटरला विचारते. कुठला बेकर आहे, त्याला हाताला धरून आणते तुला शिकवायला."

"नको विचारूस. मीच देते इथे. महिना झाला."

"तू?"

"तू पुढे गल्ल्यावर बसलीस की मागच्या दारानं पाठवते. दुकानातला पाव तुझ्या पद्धतीनं करते, हा माझ्या."





"तरीच म्हटलं, मीठ जरा कमी वाटतंय."

"मग तो तुकडा पर्समध्ये कशाला टाकतेस?"

"तुझ्या बाबांना दाखवायला. मीठ किती कमी आहे ते."