दुभाजकाला टेकवलेली दारं

हॅलो?… कोण, ठमे? मोठ्यानं बोल, इथं खेकड्यांचा गलका चाललाय… अगं खेकडेच! दहा हजार तरी असतील… बरं, चार. बापावर विश्वास म्हणून नाही.

कुठं म्हणजे? तुमच्या नव्या रस्त्यावर. मधोमध खुर्ची टाकून बसलोय… हो, हो… अगं ऐक ना… घराची दारं? इथंच आहेत. चोरबिर कुणी नाही आला, मीच काढली सकाळी उठून. जन्मभर सुतारकाम केलं, बिजागऱ्या सोडवायला कितीसा वेळ!… हो, न्हाणीघराचंसुद्धा… आईला म्हणावं, चादर लाव आणि गाणं म्हणत अंघोळ कर. तो आवाज ऐकून कुणी आत येत नाही.

कशाला काय? तो दुभाजक घातलात ना, कमरेएवढा, तुळतुळीत! त्यावर पाय ठरत नाही त्यांचा. पोटाखाली अंडी घेऊन माद्या डोंगरावरून उतरल्या, समुद्रात सोडायला, आणि भिंतीशी येऊन अडकल्या. ऊन चढलं की तिथंच भाजून मरतील. म्हणून अलीकडं एक दार तिरकं टेकवलं, पलीकडं एक, आणि पाय रुतायला वर गोणपाट ठोकलं. चढतायत बघ कशा! एकीनं तर जाता जाता माझा चष्मा पुसून दिला… नाही पटत? राहिलं.

काय? उद्घाटन? नऊला? येऊ देत की मोठे साहेब… मी नाही उठणार… नाही म्हणजे नाही!

आणि रस्ता बांधण्याआधीच्या तुझ्या त्या अहवालाचं काय? 'खेकडे: शून्य.'… दिसले नाहीत, मान्य. पण मोजायला गेलीस ऐन उन्हाळ्यात! तेव्हा ते बिळाचं तोंड लिंपून आत पडलेले असतात. पाऊस पडेतो थांब म्हटलं, तर म्हणालीस, बाबा, तुमच्या गप्पा वेगळ्या आणि माझे आकडे वेगळे… ए, रडतेस काय? नाक पूस आधी.

नोकरी? अगं, चुकांपायी नोकऱ्या जात असत्या तर तुमचं खातं ओस पडलं असतं… हो, हवालदार आलेत ना. उठा म्हणाले. मी म्हटलं, खुर्चीखालच्या या पाचशे बायांना आधी उठवा. आता तेच दुभाजकावर बसलेत, पाय वर घेऊन.

ऐक. काँक्रीट कापायचं ते यंत्र आहे ना तुमच्याकडं? घेऊन ये. दहा-दहा पावलांवर खाली एकेक खाच पाड… कुणाची परवानगी? भिंत तुझ्या सहीनं उभी राहिली, तुझ्याच सहीनं फोड. चुकले म्हणून लिही, स्वच्छ अक्षरात… काय? पुन्हा बोल… निघालीस? यंत्र घेऊन?… पंधरा मिनिटं नाहीत गं, ऊन रस्त्यावर आलंय. दहात ये!

थांब, भोंगा वाजतोय… आले वाटतं. ओ ड्रायव्हरसाहेब! इंजिन बंद करा! साहेबांना म्हणावं, चालत या, आणि बूट काढून. इथं सगळ्या बाळंतपणाला निघाल्यात!… तुला नाही गं, त्यांना सांगतोय… ठेव आता. तू ये. तोवर या गाडीपुढं मी आहे.