सासूबाईंचा आवाज

घशाच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाई नंबर लावून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक सासू, आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली तिची सून.

"उद्या ऑपरेशन. मग आवाज गेला तो गेलाच. आणि काल या लॅपटॉपसमोर एवढं बोलले, त्यातलं काहीच रेकॉर्ड झालं नाही?"

"काहीच नाही, आई. यात विंडोज नाही, लिनक्स आहे. त्याला नीट सांगावं लागतं."

"मग दोष त्याचा की सांगणारीचा?"

"सांगणारीचाच. माइक निवडायचा सोडून मी 'मॉनिटर' नावाचा पर्याय निवडला होता. त्यावर कॉम्प्युटर स्वतः वाजवतो तेवढंच टिपतो, आपलं बोलणं नाही."

"म्हणजे स्वतःचंच ऐकतो. थेट तुझ्या सासऱ्यांवर गेलाय!"

"आता माइक निवडलाय. बोला, ही पट्टी हलली पाहिजे."

"एक, दोन..."

"हलली! पण असं पाहुण्यासारखं नको. घरी बोलता तसं बोला."

सासूनं घसा खाकरला.

"अरे उठा! सूर्य डोक्यावर आला, अजून लोळताय? उठा म्हणते ना!"

शिंपीणबाईंसकट सगळा दवाखाना ताडकन उभा राहिला.

"आलं का गं?"

"आलं, आई. खणखणीत."

"मग रोज सकाळी लाव. मी मुकी झाले म्हणून माझ्या घरात कुणी लोळायचं नाही."