सायबासाठी सारवलेल्या भिंती

जोतीराम : पण मावशी, भिंती सारवायला कुणी सांगितलं होतं?

शालूबाई : तूच की! दवंडी दिलीस न्हवं का? परदेशचा डाक्टर येणार, संगं दिल्लीचा सायेब, घरं नीटनेटकी ठेवा.

जोतीराम : नीटनेटकी म्हणालो. सारवा म्हणालो नव्हतो.

शालूबाई : आरं, स्वराज्यातला पयला सायेब गावात येणार, आन् त्याला पांढऱ्या डागांच्या भिंती दावायच्या? सगळ्या बाया दोन दिस शेणमातीत हुत्या.

जोतीराम : मी फवारलेलं हिवतापाच्या डासांचं औषध त्या डागांतच होतं. त्यावर डास बसला की मरतो. सहा महिने टिकलं असतं.

शालूबाई : मग तवाच का न्हाई बोललास?

जोतीराम : दिवसाला साठ घरं फवारायची होती. औषध परदेशातनं बोटीनं येतं. किती घरं झाली, तो आकडा दिल्लीला जातो, तिथनं पुढं औषध देणाऱ्या परदेशी लोकांकडं. कुणाला समजावून सांगितलं का, हे कुणी विचारत नाही, मावशी.

शालूबाई : पर डाक्टर तर खूश हुता. शेंगा-गूळ खाल्ला, भिंतीवर काचंचं भांडं पालथं धरून घटकाभर बसला.

जोतीराम : भांड्यात डास होते. एक मेला नाही. इथं औषधाचा गुण नाही, असं लिहून नेलं त्यानं.

शालूबाई : सारवलंय म्हून सांगायचं की!

जोतीराम : दिल्लीच्या सायबाला सांगितलं. त्याला परक्यापुढं लाज वाटली असावी. डाक्टरला ते न सांगता त्यानं इंग्रजीत गावाच्या स्वच्छतेचं कौतुकच केलं.

शालूबाई : मग आणिक एकदा फवार.

जोतीराम : औषध संपलं. पुढचं जिथं गुण आला तिथंच द्यायचं, असं त्यांचं दिल्लीशी ठरलंय. आमची गाडी उद्या हलणार.

शालूबाई : आन् कॅनालचं डास? थोरल्या लेकीला सातव्या महिन्यात हिवतापानं नेलं, ह्याच घरातनं. आता धाकटीचं पयलं बाळंतपण. तुझ्या औषधाच्या भरवशावर तिला म्हायेरी बोलावली रं.

जोतीराम : मावशी, भिंत खरवडून बघू?

शालूबाई : माझ्या हातचं सारवण हाय ते. सुटायचं न्हाई.

(जोतीराम भिंतीवर नख ओढून बघतो.)

शालूबाई : उद्या रहिमतपुरावरनं जाशील न्हवं?

जोतीराम : व्हय.

शालूबाई : धाकटीच्या सासरी, तिच्या दारात थांब. म्हणावं, आईला जमत न्हाई, सासरीच बाळंत हो.

जोतीराम : तिनं कारण विचारलं तर?

शालूबाई : कारण नगं सांगूस. डासाला भ्यायची न्हाई ती, निघून यील. रागानं का हुईना, तिकडंच ऱ्हाऊ दे.