घागऱ्याचं वजन

तांड्यातली वडीलधारी मंडळी, दारव्ह्याहून आलेले सगळे, आणि गुरुवारच्या गटातल्या बायांनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. मी काटे दुरुस्त करते. अडत्यांचे, जिनिंगचे. काट्याबद्दल मला बोलता येतं, माणसाबद्दल नीट येत नाही. म्हणून काट्याबद्दलच बोलते.

जमनाकाकूंची ओळख काट्यामुळेच झाली. दोन वर्षांपूर्वी त्या माझ्या दुकानात आल्या. डॉक्टरांनी त्यांना आणि तांड्यातल्या चौघींना साखर सांगितली होती. वजन उतरवा म्हणाले होते. कसं, ते सांगितलं नव्हतं. म्हणून काकू सामान गोळा करत होत्या. कंबर मोजायला शिंप्याकडची जुनी टेप. तेल मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण. सकाळी चालायला सोबत म्हणून शेजारणी. फक्त काटा राहिला होता. मी धान्याचा एक जुना काटा दुरुस्त करून दिला. काकू त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "याच्यावर सोयाबीन तोललं त लोक कमी भरलं म्हणून भांडते. आमच्या बाया जास्त भरलं म्हणून भांडतीन."

तसंच झालं.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला अडवलं. "पोत्याचं बारदान कापता ना पोरी, मंग माह्या घागऱ्याचं काहून नाही?" मुद्दा बरोबर होता; मालाच्या वजनातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतातच. मी त्यांचा घागरा, कांचळी आणि चांदीचे दागिने वेगळे तोलले. चार किलो दोनशे ग्रॅम. वहीत लिहिलं. पुढे दर गुरुवारी तेवढेच वजा केले. पुन्हा कधी तोलले नाहीत. एवढं लक्षात ठेवा.

गट वाढला. कॉलनीतल्या बायाही येऊ लागल्या. कुणाला भाकर अर्धी करणं जड गेलं, की काकू तिच्या घरी जाऊन शेजारी बसायच्या आणि स्वतःचीही अर्धी करायच्या. माझ्याकडे आकडे होते. ते कमी होत होते ते अशा बसण्यामुळे, हे मला उशिरा कळलं.

मग गेल्या हिवाळ्यात सगळ्यांचं वजन उतरत होतं, काकूंचं नाही. दर गुरुवारी अडुसष्ट. शंभर ग्रॅम इकडे, शंभर तिकडे. जिवंत माणूस इतका स्थिर राहत नाही. मी शिकलेली आहे, मला शंका यायला हवी होती. शंका आली नाही, राग आला. तुम्हा सगळ्यांसमोर मी म्हणाले, "काकू, इथे शिकवता आणि घरी जाऊन खाता."

तुमच्यातल्या कितीतरी जणी हसल्या. काकूही हसल्या. "खात असन," म्हणाल्या. "तुया काटा त खोटा नाही ना?"

मी म्हणाले, नाही.

पुढचं मी त्यांच्या सुनेला, सुनीतावहिनींना, विचारून सांगते आहे. काकू गेल्यावर, गेल्या आठवड्यात, वहिनींनी त्यांची पेटी उघडली. घागऱ्याच्या नाड्याला आतून एक पिशवी शिवलेली होती. पिशवीत लोखंडी मापं होती. दोन किलोचं एक, एक किलोची दोन, आणि अर्ध्या किलोपासून शंभर ग्रॅमपर्यंतची बारकी; मिळून पाच किलो. घरच्याच जुन्या तराजूची. वहिनी ती घेऊन माझ्याकडे आल्या. मी तोलली. पाच किलोला वीस ग्रॅम कमी. मापं झिजली होती.

म्हणजे पोटातला आजार काकूंना आतून नेत होता आणि त्या तेवढं लोखंड भरत होत्या. घेर मोठा, म्हणून दिसलं नाही. चांदी वाजायची, म्हणून ऐकू आलं नाही.

काहून?

मला कळत नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, आपण खंगतोय हे वहीत दिसलं तर बाया घाबरतील, गट मोडेल. ते खोटंही नाही. आज दारातच दोघी मला म्हणाल्या, भाकर अर्धी केली अन् बाई गेली. कदाचित तो आकडा त्यांना स्वतःलाच बघायचा नसेल. कदाचित मी दवाखान्यात पाठवीन ही भीती असेल. मी पाठवलंच असतं. उपयोग झाला असता का? डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. मी काकूंवर रागावले आहे की स्वतःवर, तेही मला सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारून आले आहे, ती सांगते. अर्ध्या भाकरीने काकू गेल्या नाहीत. हे त्यांनी लोखंड बांधून सांगायचा प्रयत्न केला असेल, तर आता ते मी तोंडाने सांगते.

येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता काटा इथेच, समाजमंदिराच्या ओट्यावर असेल. बारदान दर वेळी नव्याने तोलू. ज्यांचं वजन हलत नाही त्यांना मी रागावणार नाही, विचारीन. ज्यांचं भरभर उतरतं त्यांना टाळ्या वाजवण्याआधी विचारीन. तुम्हीही मला विचारा.

काकू, काटा खोटा नव्हता. वाचणारी चुकली.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं म्हणतात. मी आज घड्याळ बघणार नाही. ज्यांना जेव्हा बसावंसं वाटेल, तेव्हा बसा.