पळून गेलेल्या बाईचं गाणं

मिसिसिपीतल्या दवाखान्यात शेल्बी नंबराची वाट बघत बसली होती. रेडिओवर जुनं ब्लूज गाणं लागलं आणि मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं तिच्या कानावर आलं.

“ओझेला, तुझ्या नवऱ्याचं गाणं बघ!”

“त्याचं कुठलं गं? हे इंग्लंडच्या पोरांनी गायलेलं. नुसता दणदणाट.”

“शब्द तर तेच आहेत. बायको पहाटेच्या गाडीनं पळून गेली.”

“या पोरांनी मला एक यारही जोडून दिलाय. शिकागोच्या बाईनं गायलं, तेव्हा तर मी जाताना नवऱ्याला विष घातलं होतं.”

“अगं बाई! आणि खरं काय?”

“भांडून मेम्फिसला बहिणीकडे गेले, दोन दिवसांत परत आले. बघते तर हा पायरीवर गिटार घेऊन बसलेला.”

“तुला बघून हरखला असेल!”

“कसला हरखतोय! म्हणाला, शेवटचं कडवं अडलंय, उद्या आली असतीस तर बरं झालं असतं.”

“मग गं?”

“मग काय, शेजारी बसले आणि मीच सुचवलं.”

“कुठलं?”

“ती काही परत येत नाही, ते.”