मायकलच्या आईच्या चुलीला पोतेरं

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही, तेवढं सांभाळून घ्या. शाळा चौथीपर्यंतच झाली. आमचं गाव धरणात गेलं, त्यात शाळाही गेली, आणि नव्या वसाहतीत शाळा येईपर्यंत मी भाकरी थापायला लागले होते. गाव सोडायच्या दिवशी ट्रक दारात उभा आणि आई आत चुलीतली राख काढून पोतेरं घालत बसली, म्हणजे राखेच्या पाण्यात फडकं बुडवून चूल पुसून घेत होती. माझे वडील, बापू, ओरडले, अगं पाण्यात जायाची ती चूल, कुणासाठी पुसतीस, तर आई म्हणाली, उष्टी चूल टाकून जाऊ नी, मागनं शिव्या देती.

आता मी आयर्लंडला, ब्लँचर्डस्टाउनमध्ये मुलाकडे असते. सून गौरी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी चित्रं काढते, तीही ओस घरांची. पश्चिमेला समुद्राकडच्या डोंगरात अशी घरं फार, छप्पर बसलेलं, खिडकीतून झाड बाहेर आलेलं. मी एकदा म्हटलं, गौरी, एखादं राहतं घर काढ की, तर हसून म्हणाली, आई, राहत्या घरात मला कोण उभं राहू देतंय.

तिचं पहिलं प्रदर्शन तिकडच्याच एका गावात होतं. संध्याकाळी सहाला उघडायचं होतं, आम्ही दुपारीच पोचलो. गौरी गाडीतून चित्रं आणत होती आणि मी हॉलमध्ये एकटीच. मध्यभागी अकरा दगडांची चूल मांडलेली, आणि तीत राख. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं, पाहुणे येणार आणि चूल तशीच. मी मोरीवरून बादली आणि फडकं आणलं, सगळी राख बादलीत भिजवली, अकराही दगडांना पोतेरं घातलं आणि उरलेलं पाणी ओतून दिलं. मला बरं वाटलं हो.

गौरी आली आणि हातातलं चित्र तिनं भिंतीला टेकवून ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, आई, राख कुठंय?

मग तिनं सांगितलं. ही चूल मायकल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरातली. त्याची आई तिथं एकटी राहायची. एका सकाळी तिनं चूल पेटवली आणि दुपारी तिला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. त्या दिवसाची राख मायकलनं सोळा वर्षं कुणाला हलवू दिली नव्हती. दोन वर्षं विनवल्यावर त्यानं ती चुलीसकट दिली, आणि गौरीनं शब्द दिला होता, जशीच्या तशी परत आणून देईन. आणि तो सहाला येणार होता.

हॉल सांभाळणारी नूला म्हणाली, हे गौरीनं मला नंतर सांगितलं, त्यात काय, माझ्या शेगडीतली आणते, राख ती राख, त्याला काय कळतंय. गौरी म्हणाली, नको. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, आण. नूलानं डबाभर राख आणून चुलीत पसरली, वर म्हणाली, ग्रँड, म्हणजे झकास. गौरी माझ्याकडं न बघता म्हणाली, आई, तुम्ही काही बोलू नका. मी कुठली बोलतेय, मला चार शब्द येतात इंग्रजीचे.

मायकल आला, टोपी हातात, बूट घासून पुसलेले. लोक चित्रं बघत होते, तो सरळ चुलीकडं गेला आणि वाकला. त्याचा हात राखेकडं चालला. मी पुढं होऊन म्हटलं, नो. नॉट मदर. आय वॉश. आणि दोन्ही हातांनी पुसून दाखवलं.

त्यानं चिमूट उचलून बोटांत चोळली आणि गौरीला म्हणाला, हेही मला मागाहून कळलं, ही दगडी कोळशाची राख आहे, आमच्याकडं जळायची ती बॉगमधली, म्हणजे दलदलीतली, वाळवलेली माती. गौरीला रडू फुटलं. ती इंग्रजीत काय काय बोलली, मला सॉरी एवढंच कळलं. मी खाली बसून ती खोटी राख डब्यात भरली, हातांनीच. खालचे माझ्या पोतेऱ्याचे पट्टे वाळून पांढरे झाले होते. त्याची खरी राख आता तेवढीच होती. तो त्या पट्ट्यांकडं बघत राहिला, हात लावला नाही, आणि टोपी घालून निघून गेला.

प्रदर्शन संपल्यावर दगड परत द्यायला मीही गेले. गौरी म्हणाली, आई, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी म्हटलं, नाही चालणार. मायकलनं दगड मोजून घेतले, गौरीशी हात मिळवला, माझ्याशी नाही. मग आत जाऊन चहा आणला. पहिला कप माझ्यासमोर ठेवला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि बिनसाखरेचा होता तरी संपवला. त्यानं मला माफ केलं की नाही ते मला आजही माहीत नाही. त्याचं भलं होवो, एवढंच म्हणते.